खुराकात माशाचे तेल

कुत्र्यांच्या आजारात दिले जाणारे माशाचे तेल माशाच्या अंगातून काढतात, यकृतातून नव्हे. हा फरक आधीच सांगून टाकलेला बरा. कारण कोल्हापुरात, आणि खरे तर सगळ्याच महाराष्ट्रात, ‘माशाचे तेल’ म्हटले की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला शाळेच्या दिवसांतली ती पिवळी, पारदर्शक गोळी आठवते आणि त्या आठवणीबरोबर ढेकरही येतो. ती गोळी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची. तिच्यात ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे असतात आणि ती शरीरात साठून राहतात. कुत्र्याच्या दुखऱ्या सांध्यांना पुरेल इतका ऐवज या गोळ्यांतून द्यायचा म्हटले तर जीवनसत्त्वांचा असा भडिमार होतो की सांधे बाजूला राहतात आणि मूत्रपिंडाची काळजी सुरू होते. घरात उरलेली बाटली ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून टायगरला संपवायला लावणे हा काटकसरीचा प्रकार असेल, पण उपचाराचा नाही.

अंगातून काढलेल्या तेलात कामाची मेदाम्ले दोन, ईपीए आणि डीएचए. त्यांची पूर्ण नावे औषधाच्या बाटलीवर छापलेली असतात आणि ती तिथेच शोभतात. दोन्ही ओमेगा-३ गटातली. शरीरात सूज आणि ठणका निर्माण करणारी रसायने पेशींच्या आवरणातल्या एका वेगळ्याच मेदाम्लापासून बनतात. ईपीए आणि डीएचए रोज पोटात गेली की आठवड्या-आठवड्याने त्या आवरणात शिरून त्या मेदाम्लाची जागा बळकावतात. कच्चा मालच बदलल्यावर सूज पूर्वीसारखी भडकत नाही. मासा मात्र ही मेदाम्ले मुळात स्वतः तयार करत नाही. ती समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाची, छोट्या माशांनी खाऊन साठवलेली. जगातल्या अशा तेलाचा मोठा हिस्सा पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या बोटभर लांबीच्या अँकोव्ही माशांतून येतो. आपल्याकडे कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तारलीपासून ते काढतात. म्हणजे राजारामपुरीतल्या एखाद्या लॅब्राडोरच्या भांड्यात पडणारा थेंब प्रशांत महासागर ओलांडून आलेला असू शकतो, तर बांगडा बिचारा रत्नागिरीहून बर्फात बसून आंबा घाट चढून येतो आणि त्याला कुणी औषध म्हणत नाही.

कोल्हापूर आणि मासा यांचे नाते मुळात पाहुण्याचे आहे. मालवण, देवगड, रत्नागिरीची मासळी फोंडा, करूळ आणि आंबा घाटांतून रात्रीतून येते, लोक ती आवडीने खातात, पण शहराची निष्ठा मटणाशी. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांग पाहिली की या बाबतीत पुराव्याची गरज राहत नाही. घरचे कुत्रेही याच संस्कारात वाढते. त्याने तांबड्या रश्शाचा वास ओळखावा, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात आणि हाडकाच्या आशेने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर धरणे धरावे, हे घराला मान्य असते. अशा जिवाच्या पानात एके दिवशी माशाचा वास येतो आणि तो मान वळवून घरच्यांकडे पाहतो. कोकणातल्या कुत्र्याला या उपचाराचे काही वाटत नाही. घाटमाथ्यावर मात्र तो धर्मांतरासारखा वाटतो.

कुत्र्यांचा आणि या तेलाचा संबंध जुना आहे आणि सुरुवातीला तो कुत्र्यांना महागात पडला. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी मुडदूस कशाने होतो हे शोधण्यासाठी पिल्लांना घरात कोंडून ओटच्या लापशीवर ठेवले. पिल्लांचे पाय वाकले. मग कॉडच्या यकृताचे तेल दिले आणि हाडे सुधारली. हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातूनच पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा पत्ता लागला आणि जगभरच्या मुलांच्या तोंडात ते तेल गेले. पिल्लांचा सूड इतका परिपूर्ण क्वचितच उगवला गेला असेल. दुसऱ्या महायुद्धात विलायती तेलाची आवक आटली तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबईत मुशी माशाच्या यकृतातून तेल काढण्याचे उद्योग सरकारने उभे केले. तोवर सगळा भर यकृतावर होता. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या मासे, सील खाणाऱ्या लोकांचे रक्त तपासले आणि ओमेगा-३ चे दिवस आले. माणसांमागोमाग १९९० च्या दशकात कुत्र्यांवर रीतसर प्रयोग झाले, आणि लापशी खाऊन वाकलेल्यांच्या वंशजांना अखेर स्वतःसाठी तेल मिळू लागले.

तेल दिले जाते त्या तक्रारींत कोल्हापुरात पहिला मान त्वचेचा. इथला पावसाळा जूनमध्ये येतो आणि गणपती गेले तरी निघायचे नाव घेत नाही. या काळात दाट केसांचे कुत्रे पूर्ण असे कधी वाळतच नाही. खाजवणे, पंजे चाटणे, कानात बोटे घालता येत नाहीत म्हणून कान भिंतीला घासणे, असा कार्यक्रम रात्री दोन वाजता भरात येतो. मूळ दुखणे ॲलर्जीचे असेल तर तेलाने खाज कमी होते, केसांना तकाकी येते आणि इतर औषधांची मात्रा काही वेळा खाली आणता येते. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. रोगी हे बारा आठवडे शांतपणे काढतो. घरच्यांना तिसऱ्या दिवशी केस चमकायला लागलेले दिसतात, कारण बाटलीची किंमत त्यांनीच दिलेली असते.

खाज लुतीची असेल तर मात्र तेल कुचकामी. लूत किड्यांमुळे होते, हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि माशांना घाबरत नाहीत. त्यासाठी किडे मारणारे औषधच लागते. शिवाय प्रत्येक गल्लीत एक जाणता माणूस असतो. त्याच्या मते डॉक्टर उगाच पैसे काढतात, करंजेल चोळा की झाले. घरात मतभेद टाळण्यासाठी मग करंजाचे तेल बाहेरून आणि माशाचे आतून असा समझोता होतो. तेलाने निथळणारे ते जनावर सोफ्यावर चढू नये म्हणून घरातला एक माणूस कायमचा पहाऱ्यावर बसतो. गोचीड-तापाचेही तेच. तिथे तेल देऊन वाट पाहणे म्हणजे गोचिडांना मुदतवाढ.

दुसरा मोठा वर्ग सांधेदुखीवाल्यांचा, आणि त्यात लॅब्राडोर आघाडीवर. हा कुत्रा मुळात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचा, थंड पाण्यात जाळी ओढणारा. त्याला नागाळा पार्कातल्या फरशीवर आणून ठेवले, सकाळ-संध्याकाळ रंकाळ्याची एक संथ फेरी दिली आणि उरलेला वेळ खायला घातले, की सातव्या-आठव्या वर्षी तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहून विचार करू लागतो. मासा त्याच्या वाडवडिलांच्या आहारात होता, त्यामुळे तेल देणे ही एका परीने घरवापसीच. उलट मुधोळचा कारवान हाउंड पाहावा. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जोपासलेली ही उंच, कृश, सशामागे सुटणारी जात. अंगावर चरबी नाही, मनात लाचारी नाही. त्याला पाहून मुंबई-पुण्याचे पाहुणे ‘याला खायला घालत नाही का’ असे विचारतात आणि घरमालक वर्षानुवर्षे तेच उत्तर देत राहतो.

सांध्यांच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ दवाखान्यांतले १२७ संधिवाताचे कुत्रे होते. माशाच्या तेलाने समृद्ध केलेले खाद्य ज्यांना मिळाले त्यांचे बसल्या जागेवरून उठणे आणि खेळणे सहा आठवड्यांत सुधारल्याचे मालकांनी नोंदवले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात १३१ कुत्र्यांपैकी ज्यांना हे खाद्य मिळाले त्यांची कार्प्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा लवकर कमी करता आली. २०२२ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ओमेगा-३ पास झाले आणि दुकानांत सर्वांत जास्त खपणारे ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिन नापास. या निकालाची बातमी दुकानांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही. हृदयाचे स्नायू सैल पडलेल्या आणि झपाट्याने वाळत चाललेल्या कुत्र्यांना, तसेच मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही तेल देतात. तिथे ते मुख्य औषधाच्या मागे उभे राहणारे आहे, पुढे नाही.

तेल कोण लिहून देते, हाही कोल्हापुरात पाहण्यासारखा भाग. हा जिल्हा दुधाचा. १९६३ पासून ‘गोकुळ’ची गाडी पहाटे गावोगाव फिरते आणि जनावर म्हणजे म्हैस, बाकी सगळे हौसेचे, ही धारणा पक्की आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सांधे धरलेला लॅब्राडोर आणि पान्हा न सोडणारी म्हैस शेजारी-शेजारी थांबलेली असतात. म्हैसवाला बराच वेळ त्या कुत्र्याकडे पाहतो.

‘ह्यो काय करतो म्हणायचा?’

‘काही नाही. घरात असतो.’

‘राखणीला?’

‘नाही, तसा कुणाला भुंकत नाही.’

‘मग तेल कशाला?’

‘गुडघे दुखतात त्याचे.’

म्हैसवाला बाटलीवरची किंमत वाचतो, मनातल्या मनात तिची सरकी पेंड करतो आणि गप्प होतो. अर्थशास्त्रावर इतके थोडक्यात बोलणारा माणूस विद्यापीठातही सापडायचा नाही.

लिहून दिलेल्या तेलाचे पुढे काय होते हे समजायला कोल्हापूरची तालीम समजावी लागते. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि शहराच्या हाडात खुराक ही कल्पना मुरली. पैलवानाला दूध, तूप, बदाम, अंडी, मटण किती, याचे उत्तर ‘पचेल तेवढे’ असे असते आणि पचवण्याची ताकद वाढवणे हेच तर शिक्षण. या शहरात कुठलीही पौष्टिक वस्तू खुराकाच्याच खात्यात जमा होते. डॉक्टर माशाचे तेल औषध म्हणून देतात, घर ते खुराक म्हणून घेते. औषधाला मात्रा असते, मर्यादा असते. खुराकाला फक्त वाढ असते. सगळा घोटाळा इथे आहे, आणि तो दोन्ही दिशांनी होतो.

पहिली दिशा कमी पडण्याची. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठातल्या जॉन बाउअर यांनी २०११ मध्ये कुत्र्यांसाठी मात्रांचा जो तक्ता दिला तो आजही वापरात आहे. त्यात मात्रा वजनाच्या सरळ पटीत नाही, वजनाच्या पाऊण घातात आहे. म्हणजे किलोतल्या वजनाचा घन करायचा आणि त्याचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढायचे. २५ किलोच्या कुत्र्यासाठी घन १५,६२५, त्याचे वर्गमूळ १२५, त्याचे पुन्हा ११.१८. या आकड्याला त्वचेसाठी १२५ ने आणि सांध्यांसाठी ३१० ने गुणले की ईपीए आणि डीएचए मिळून रोजचे मिलिग्रॅम निघतात, त्वचेसाठी सुमारे १,४०० आणि सांध्यांसाठी ३,४६६. आता बाजारातली साधी कॅप्सूल घ्यावी. तिच्यावर ठळक अक्षरांत १,००० मिलिग्रॅम असते. ते तेलाचे वजन. त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा ऐवज ३००. सांधे धरलेल्या त्या २५ किलोच्या कुत्र्याला रोज साडेअकरा कॅप्सूल लागतात. ३६ किलोच्या लॅब्राडोरला पंधरा. घरात त्याला एक मिळत असते. तीही नाश्त्याला, मोठ्या समारंभाने, आणि ‘दोन महिने झाले, तेलाने काही फरक नाही’ असा निकाल लागतो. फरक पडत नाही याचे कारण तेल नसून भागाकार आहे. जास्त तीव्रतेच्या कॅप्सूल किंवा पंपाच्या बाटल्या मिळतात त्या याचसाठी, फक्त त्यांच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावी लागतात.

या हिशेबाला आधी वजन लागते आणि ते मिळवणे हा एक स्वतंत्र सोहळा. माणसाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, ही मान्य पद्धत. पंधरा किलोच्या पुढे ती कंबरेच्या तज्ज्ञांना काम मिळवून देते. गुऱ्हाळावरच्या ढेपांच्या काट्यावर कुत्र्याला बसवता येते, पण तिथे तो काकवीच्या कढईकडे तोंड करून बसतो आणि काटा स्थिर होत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा विचार कुणी केला नसावा. केला असता तर लॅब्राडोरच्या वजनातही काटामारी झाल्याचा संशय घेऊन आंदोलन झाले असते.

दुसरी दिशा अतिरेकाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये ठरवलेली सुरक्षित कमाल मर्यादा त्याच सूत्रात ३७० आहे. सांध्यांची मात्रा ३१०. मधले अंतर फार नाही, आणि एकत्र कुटुंबात ते सकाळी नऊच्या आत पार होते. मुलगा जिमला जाण्यापूर्वी स्वतःच्या डब्यातल्या कॅप्सूल देतो. सून डॉक्टरांनी सांगितलेला पंप मारते. आजोबांना दोघांनी काय केले ते माहीत नसते आणि त्यांच्या मते जनावर वाळत चालले आहे, म्हणून ते दुधात चमचाभर घालतात. दुधानेच मोठ्या कुत्र्यांची पोटे बिघडतात, वर तेल. अतिरेकाचे पहिले लक्षण पातळ हगवण हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. कोल्हापुरात ते पहाटे रंकाळ्यावर कळते, आणि ज्याने एकही थेंब दिलेला नाही त्यालाच कळते, कारण कुत्र्याला फिरवून आणायचे काम घरातल्या सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसाकडे असते. याखेरीज जास्त मात्रेने रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि जखमा सावकाश भरतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेल चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे असते. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला हे तेल विचारल्याशिवाय देत नाहीत. आणि तेल म्हणजे शेवटी तेलच. पंधरा कॅप्सूलमधून सुमारे १३५ किलोकॅलरी जातात, एका मोठ्या चपातीहून अधिक. सांध्यावरचा भार कमी करायला निघालेल्या औषधाने वजन वाढवू नये म्हणून तेवढी चपाती कमी करावी लागते. ही सूचना घरी सांगून पाहावी.

खाऊ घालण्याच्या युक्त्यांत कुत्रा सामान्यतः घरापेक्षा चार पावले पुढे असतो. नरसोबाच्या वाडीचा पेढा आणून त्यात कॅप्सूल लपवली तर पेढा विरघळतो आणि कॅप्सूल फरशीवर चकचकीत उभी राहते. डॉक्टरांकडे तक्रार जाते, ‘पेढं तेवढं खातोय बघा, गोळी काय खाईना झालाय.’ डॉक्टर साखर बंद करायला सांगतात, त्यामुळे रोगीही नाराज. टाचणीने कॅप्सूल फोडून तेल खाद्यावर पिळणे हा उपाय चालतो, पण मग ज्या बोटांनी पिळले त्यांचा वास दुपारपर्यंत कार्यालयात सगळ्यांना समजतो. माणसांसाठीच्या चवदार, साखरमुक्त तेलांत झायलिटॉल असू शकते. ते कुत्र्याला विष आहे, त्यामुळे लिंबाच्या चवीची बाटली माणसानेच संपवावी. रोज बांगडा किंवा तारली देणेही चालते. मासा उकडून, काटे काढून द्यावा. काही कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि ते उकडल्याने निकामी होते. मात्र मात्रा मोजता येत नाही, आणि घरात मांजर असेल तर ती पोहोचतही नाही.

शाकाहारी घरांत पेच वेगळा. तिथे प्रथम जवस सुचवला जातो, चटणी घरात असतेच. जवसात ओमेगा-३ भरपूर, पण ते वेगळ्या मेदाम्लाच्या रूपात, आणि कुत्र्याच्या शरीरात त्याचे ईपीए फार थोडे होते, डीएचए जवळजवळ होतच नाही. केसांना थोडी चमक येईल, गुडघ्यांना निरोप पोहोचणार नाही. मासा मुळात ज्या शेवाळाकडून उधार घेतो त्याच शेवाळाचे तेल आता बाजारात मिळते. त्यात डीएचए चांगले असते, किंमतही चांगली असते. ते न परवडले तर माशाची बाटली सोप्यात, वेगळ्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून राहते आणि घरातले सगळे तिच्याबद्दल ‘ते’ एवढेच बोलतात.

फळीवर ती राहू नये, ही अडचण आहे. हे तेल हवा, उजेड आणि उष्णता लागली की खवट होते आणि खवट तेल फायद्याऐवजी अपाय करते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवायची असते. कोल्हापुरी फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या, विरजण, बासुंदी आणि उद्याच्या मटणाचे वाटण यांची जागा ठरलेली असते, आणि नव्या बाटलीला तिथे प्रवेश मिळवून देण्यात घरातल्या धाकट्याची उन्हाळ्याची सुट्टी खर्ची पडते. बाटली खवट झाली का हे वासावरून ओळखावे असे म्हणतात. मुळात जी वस्तू ताजेपणीही माशासारखी वास मारते तिच्या बाबतीत ही कसोटी मटणप्रेमी नाकांना अवघडच. रोग्याने स्वतः भांड्याकडे पाठ फिरवली तर त्याचे मत ग्राह्य धरावे.

एवढी काळजी घेणारे घर त्याच कुत्र्याला रविवारी रस्सा-भात कालवून घालते. त्या रश्शात कांदा, लसूण आणि वर पुन्हा कांदा-लसूण चटणी. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लसूणही त्याच कुळातला. हे सांगितल्यावर ‘आमचा लहानपणापासून खातोय की’ हे उत्तर येते आणि ते अनेकदा खरे असते, थोड्या मात्रेने लगेच काही होत नाही. पण तेलाचे मिलिग्रॅम वर्गमूळ काढून मोजायचे आणि कटाचा डाव मोजायचा नाही, हा हिशेब कुठल्याच तक्त्यात बसत नाही. उतारवयातल्या आजारी कुत्र्याला तेल सुरू करण्यापूर्वी रस्सा बंद करणे हा स्वस्त उपाय आहे, म्हणून तो कुणी करत नाही.

उपयोग झाला का, हे बारा आठवड्यांनी ठरवायचे. जिना चढायला लागणारा वेळ, रात्रीचे खाजवणे, फिरून आल्यावरचे लंगडणे सुरुवातीला लिहून ठेवले असेल तर ते सोपे जाते. कुणीच लिहिलेले नसते, त्यामुळे दवाखान्यात घरातले तिघे तीन अहवाल देतात आणि चौथा अहवाल रोगी स्वतः टेबलावरून उडी मारून देतो. तेल बंद केले तर परिणाम दुसऱ्या दिवशी ओसरत नाही. पेशींच्या आवरणात बसलेली मेदाम्ले काही आठवडे तिथेच राहतात. म्हणूनच गणपतीत, लग्नसराईत किंवा कुस्त्यांच्या मैदानाच्या दिवसांत सहा-सात दिवस तेल द्यायचे राहून गेले तरी विशेष बिघडत नाही, आणि ‘रोज न चुकता देताय ना?’ या प्रश्नाला सगळे एका सुरात ‘व्हय तर’ म्हणतात तेव्हा डॉक्टरही फार खोलात जात नाहीत.